नावांआधी निकष

सोलापूर

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

नव्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या प्रस्तावांचं काम तुझ्याकडे आलं, हे फार बरं झालं. सपाट भागात 30 हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, हा निकष तुला ठाऊकच आहे. त्यातून केंद्रं किती हवीत ते कळतं, कोणत्या गावात ते नाही. वशिला शिरतो तो तिथेच.

म्हणून गावांची नावं येण्याआधीच निकष आणि त्यांचे गुण समितीत मंजूर करून घे. लोकप्रतिनिधींनी निकषांवर हवं तेवढं भांडावं, तो त्यांचा हक्क आहे. यादी आल्यावर मात्र गुणांना हात लावायचा नाही.

सर्वांत जास्त गुण एकाच प्रश्नाला ठेव: आज अर्ध्या तासात कुठल्याच दवाखान्यात न पोचणारे किती लोक इथे पोचतील? समजा, एक गाव 9 हजारांचं, पण ग्रामीण रुग्णालय 6 किलोमीटरवर. दुसरं 3 हजारांचंच, पण भोवतीच्या वाड्यावस्त्यांवरच्या 18 हजार लोकांना जवळ काहीच नाही. शिफारसपत्रं पहिल्याची जास्त येतील. केंद्र दुसऱ्याला द्यायला हवं.

अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नकोस. भीमेकाठी पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण पुलावरून जायचं तर मोठा वळसा पडतो. एसटीच्या फेऱ्या बघ, आठवडी बाजार कुठे भरतो ते बघ. 2011 च्या जनगणनेच्या आकड्यांवरून आज गाळप हंगामात कुठे किती ऊसतोड टोळ्या येतात ते कळत नाही. त्यांच्या याद्या कारखान्यांकडून मागव. त्यांच्यात गरोदर बायका असतात, लहान लेकरं असतात.

बक्षीसपत्राने मिळणाऱ्या जागेपासून सावध राहा. ती बहुधा गावाबाहेर, दात्याच्या शेताला लागून, कधी ओढ्याकाठी सखलात असते. मग रात्री बाळंतपणाला कोणी तिकडे जात नाही आणि नर्सताईही निवासस्थानात राहायला धजत नाहीत. सातबारा, वहिवाटीचा रस्ता, उन्हाळ्यातलं पाणी, हे तिन्ही जागेवर जाऊन तपास, ग्रामसभेचा ठराव असला तरी. फुकट जागेला जादा गुण देऊच नकोस. एकदा बांधलेली इमारत हलवता येत नाही.

फोनवर शिफारस आली तर नम्रपणे लेखी माग आणि फाईलला लाव. गुणक्रम डावलला गेला तर कारण इतिवृत्तात आलंच पाहिजे. गुणतक्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून हरकतींना 15 दिवस दे. एखाद्या गावाने दाखवून दिलं की शेजारचं उपकेंद्र नुसतं कागदावर आहे, तर गुण सुधारून तक्ता पुन्हा लाव.

तुझा हितचिंतक