घरचं कोकम-करवंदाचं सरबत आठ दिवसांत फसफसतं, साखर न वाढवता टिकवता येईल का? आणि येऊरला सरबतासाठी काय काय मिळतं?

कपाटात, दुसरं काही न घालता, नाही टिकत. साखर कमी केली की सरबत फसफसणारच, मग रिकाम्या बाटल्या कितीही उकळून घ्या. तुम्ही लिहिलंय की एक किलो सालींना एक किलो साखर घेतली आणि "तरी गोडच लागत होतं". अहो पण गोड लागण्याचा प्रश्नच नाहीये. लोणच्यात मीठ जे काम करतं तेच सरबतात साखर करते, फळातलं पाणी बांधून ठेवते. पाणी मोकळं राहिलं की सालीवरचं यीस्ट कामाला लागतं. पाकात साधारण ६५ टक्के साखर हवी, आणि अमृत कोकमाचं, म्हणजे साखरेत मुरवलेल्या कोकम सरबताचं, जुनं प्रमाण, सालींच्या दुप्पट साखर, बरोब्बर तिथेच जाऊन पोचतं. आमच्या आज्यांना टक्केवारी माहीत नव्हती, पण बरणी पावसाळाभर टिकते की नाही हे माहीत होतं.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण याच एका गोष्टीवरून मी चारचौघांत बोलणी खाल्लीयेत.

माझं माहेर कुडाळकडचं. एप्रिल-मे आला की आमच्या पडवीत रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, ढीग असायचा, बिया वेगळ्या काढायच्या (त्यांचं कोकमेल निघतं, हिवाळ्यात टाचांना), साली वाट्यांसारख्या सुट्ट्या करायच्या आणि चिनी मातीच्या बरणीत एक थर साल एक थर साखर असं रचायचं. वर धोतराचं फडकं बांधून आठ दिवस उन्हात. आई कधी गॅसवर चढवायची नाही, ऊनच सगळं करतं. दुसऱ्या दिवशी साखर ओली दिसायला लागते, चौथ्या दिवशी साली पाकात पोहायला लागतात आणि त्या जांभळट लाल रंगाला जो वास येतो तो मला आजही कळव्याच्या फ्लॅटमध्ये गॅलरीत बरणी ठेवली की येतो. बरणी काचेची किंवा चिनी मातीचीच घ्या, ॲल्युमिनिअमच्या पातेल्यात आंबट घालू नका, हे तुम्हाला माहीत असेलच.

तर चार वर्षांपूर्वी भाचीचं केळवण होतं, मोठ्या नणंदेकडे, म्हणजे ताईंकडे, ऐरोलीला, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, चाळीस माणसं. मी आपणहून म्हटलं सरबत माझ्याकडे. चार किलो साली गावाहून मागवल्या, आठ किलो साखर आणली, आणि ताई नेमक्या त्याच दिवशी घरी आल्या. साखरेच्या पिशव्या बघून म्हणाल्या, अगं हे सरबत आहे की विष, आजकाल एवढी साखर कोण खातं, निम्मी कर. मी सांगितलं की ताई हे पिताना पाच पट पाणी घालूनच पितात, ग्लासात किती जाते साखर, पण त्यांनी ऐकलं नाही, नवरा पण म्हणाला जाऊ दे, मोठी आहे, तिच्या घरचं कार्य आहे. मी चारच किलो घातली. तो माझा निर्णय नव्हता पण हात माझे होते.

केळवणाच्या आदल्या संध्याकाळी कपाट उघडलं तर प्लॅस्टिकच्या बाटल्या फुगून टम्म झालेल्या. एकीच्या बुडाला तर पोक आलेलं, ओट्यावर उभी राहीना, सारखी कलंडत होती. झाकण अर्ध्या आट्याने फिरवलं आणि फस्स करून लाल फेस माझ्या गाऊनवर, टाइल्सवर, गणपतीच्या कॅलेंडरवर. वास ताडीसारखा. सगळ्या बाराच्या बारा बाटल्या मोरीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी कोल्ड्रिंक मागवलं आणि व्याह्यांच्या समोर म्हणाल्या, हिने बाटल्या नीट धुतल्या नसतील.

बाटल्या मी उकळून, उन्हात पालथ्या घालून, कोरड्या करून घेतल्या होत्या. त्यातली एकही ओली नव्हती.

म्हणून सांगते, साखर कमी हवी असेल तर सरबत करूच नका, आगळ करा. साली मिठात मुरवून जो रस निघतो तो वर्षभर टिकतो, कारण तिथे साखरेचं काम मीठ करतं. प्यायच्या वेळी ग्लासात दोन चमचे आगळ, जिरेपूड, हवी तेवढी साखर. पण आगळ खारट असतं हे धरूनच वरून मीठ घालू नका. किंवा कमी साखरेचा रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, फ्रीझरमध्ये आरामात राहतो. गुळाने भागेल असं मात्र कोणी सांगितलं तर ऐकू नका, प्रमाण निम्मं केलं की गुळाचं पण तेच होतं. सोडियम बेंझोएट या टिकवणाऱ्या पावडरीला माझा विरोध नाही, आंबट रसात ते चांगलं काम करतं, पण मोजून घालावं लागतं आणि घरात तेवढा बारीक काटा कोणाकडे असतो.

करवंदाचं वेगळं आहे. त्याला चीक असतो, म्हणून पिकलेली काळीच घ्या आणि मिठाच्या पाण्यात तासभर ठेवून चोळून धुवा. आणि फार वेळ शिजवू नका, पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारं द्रव्य, इतकं असतं की सरबत करायला जाल आणि बाटलीत जेली बसेल. सुगंधाला गवती चहा घालणार असाल तर तो कधीही उकळवत ठेवायचा नाही, पाक गॅसवरून उतरवला की पात कापून आत टाकायची आणि झाकण ठेवायचं, नाहीतर सुगंध तुमच्या किचनला आणि सरबताला नुसता रंग.

आता येऊरचं. ठाण्याजवळचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथून काहीही तोडून आणायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. तेव्हा "काय मिळतं" याचं उत्तर, ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात जा. मे महिन्यात आदिवासी बायका पाटीत करवंदं, जांभळं, कैऱ्या घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात मोजून देतात, भाव करू नका, त्यांनी पहाटेपासून काट्यांत हात घातलेले असतात. आणि कुठेच रानात जाऊन उपळसरीच्या मुळ्या उपटू नका. त्या मुळीचं सरबत फार सुंदर लागतं, व्हॅनिलासारखा वास असतो, पण मूळ काढलं की वेल संपली. दुकानात वाळलेली मिळते ती घ्या.

हो, आणि एक राहिलं. उद्यानाबाहेर कुठे स्वतः तोडणार असाल तर झाड ओळखता आलंच पाहिजे. करवंद आणि कण्हेर एकाच कुळातले, दोघांना पांढरा चीक, पण कण्हेर सगळीच्या सगळी विषारी. घोडबंदर रोडच्या कडेचं तर काहीच नको, धूर बसलेला असतो. डायबिटीस असेल तर अमृत कोकम नकोच, आणि बीपी असेल तर आगळही बेतानेच.

पुढच्या वर्षी मी त्याच धुतलेल्या बारा बाटल्या घेतल्या, झाकणंही तीच, साली त्याच झाडाच्या. साखर दुप्पट घातली. दिवाळीला शेवटची बाटली घेऊन ऐरोलीला गेले, ताईंच्या समोर उघडली, आवाजसुद्धा आला नाही. त्यांनी दोन ग्लास घेतले. बाटल्या धुण्याबद्दल मात्र अजून एक शब्द बोललेल्या नाहीत.