माळावरची झाडी आणि ‘बंगलो प्लॉट’चा बोर्ड

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कॉलनीमागे साडेचार एकरांवर कडुलिंब, हिवर, बोर आणि बाभळीची जुनी झाडी आहे. सकाळचं फिरणं, पोरांचं खेळणं तिथंच. आता तिथं ‘एन.ए. बंगलो प्लॉट’ (एन.ए. म्हणजे बिगरशेती) असा बोर्ड लागलाय. विरोध कुठून सुरू करायचा?
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : गट नंबरापासून. जागा कुणाची आणि कागदावर ती काय आहे, हे कळल्याशिवाय अर्ज कुणाकडे करायचा तेच ठरत नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत निघतो. त्यात भोगवटादाराचं नाव, भूधारणा पद्धती आणि ‘इतर हक्क’ या तीन जागा नीट वाचा. भोगवटादार म्हणून शासन किंवा वन विभाग असेल, किंवा गायरानाची नोंद असेल, तर घरबांधणीचा प्रश्न मुळातच वेगळा होतो. जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले आहेत. इतर हक्कात ‘खाजगी वन’ किंवा भारतीय वन कायद्याचं ‘कलम ३५(३)’ दिसलं तर थेट उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात जा.

यातलं काहीच नसेल तर जुने सातबारे काढा. पीकपाहणीत वर्षानुवर्षे ‘गवत पड’ लिहिलेलं असेल तर ती नोंद कामाची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाने ‘वन’ या शब्दाचा शब्दकोशातला अर्थ धरायला सांगितलं, मग मालकी कुणाचीही असो. वन (संवर्धन) कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, तरी १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने तोच अर्थ चालू ठेवला. मात्र एवढ्या भरवशावर बसू नका. आपल्याकडची झाडी विरळ आणि काटेरी. पाहणीला आलेल्या माणसाला ती ‘पडीक झुडपं’ वाटते. नान्नजच्या माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्याचा माळही अनोळखी डोळ्याला उजाडच दिसतो.

त्यानंतर महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला (जागा कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा) आणि भाग नकाशा घ्या. जागा ‘उद्यान’ म्हणून आरक्षित असेल तर लगेच खूश होऊ नका. नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे विकास योजना लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण उडतं. आरक्षणं बहुतेक अशीच जातात, गुपचूप, कुणाला पत्ता न लागता. म्हणून माहिती अधिकारात पहिला प्रश्न असा टाका: ‘गट क्र. अमुक वरील आरक्षणाबाबत कलम १२७ ची नोटीस आली आहे काय? असल्यास आवक दिनांक व त्यावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी.’ अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, तेव्हा रेखांकनाची (प्लॉटच्या लेआउटची) मंजुरी आणि झाडांची परवानगी यांचे अर्ज वेगळे करा. उत्तराला ३० दिवस.

प्रश्न : तीनशे सह्यांचं निवेदन दिलं, पेपरला फोटोही आला. दीड महिना झाला, काही हालचाल नाही.
– जुळे सोलापूर

उत्तर : नुसतं निवेदन बहुधा फायलीत पडून राहतं. हरकतीचं तसं नसतं. तिची दखल घ्यावी लागते. फक्त ती सूचना निघाल्यावर, मुदतीत आणि सूचनेत दिलेल्या कार्यालयातच जावी लागते. झोन किंवा आरक्षण बदलायचं असेल तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. झाडं तोडायची असतील तर महापालिकेचे वृक्ष अधिकारी वर्तमानपत्रात आणि प्रत्यक्ष झाडावर नोटीस लावतात. तिथं मुदत फार थोडी, बहुधा ७ दिवस. नोटीस पावसाने किंवा ‘वाऱ्याने’ गळून पडते, म्हणून कुणीतरी दर दोन दिवसांनी झाडीत फेरी मारून दिसलेल्या नोटिशीचा फोटो काढावा.

तीनशे सह्यांचा एक कागद ही सुनावणीत एकच हरकत धरली जाते. वेगवेगळ्या मुद्द्यांच्या दहा हरकती त्याहून जड. प्रत्येकीत सूचनेचा क्रमांक व तारीख, गट नंबर, नेमका आक्षेप, नेमकी मागणी आणि ‘मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी’ हे वाक्य हवं. इंद्रभुवनात, म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, आवक शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘ठेवून जा, साहेबांना देतो’ म्हणून ठेवलेला कागद पुढे सापडत नाही.

प्रश्न : झाडांची यादी आपण केली तर ती ग्राह्य धरतात का? कशी करायची?
– होटगी रोड

उत्तर : अधिकृत मोजणी वृक्ष अधिकाऱ्याचीच. पण विकसकाच्या अर्जात ‘एकूण झाडे ६०’ असं असेल आणि तुमच्याकडे फोटोंसह दोनशेची यादी असेल, तर फेरपाहणी टाळणं अवघड जातं. जागा खाजगी असेल तर आत शिरून मोजू नका, उलट तुमच्यावरच तक्रार होईल. मालकाची लेखी परवानगी मागा. नाकारली तर रस्त्यावरून दिसतं तेवढं नोंदवून संयुक्त पाहणीची मागणी करा.

तिघं पुरतात: एक टेपवाला, एक लिहिणारा, एक फोटोवाला. समजा जागा १०० बाय १८० मीटर आहे. लांबीच्या बाजूने सुतळी ओढून २० मीटर रुंदीचे पाच पट्टे पाडा. डावीकडच्या सुतळीवरचं झाड या पट्ट्यात, उजवीकडचं पुढच्या पट्ट्यात, हा नियम आधीच ठरवा. दुहेरी मोजणी नेमकी सुतळीवरच होते, आणि अशी चार झाडं सापडली की समोरचा सगळी यादीच खोटी ठरवतो. मोजलेल्या झाडाला नंबर टाकलेली चिंधी बांधा. खिळा ठोकू नका.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घ्यायचा. उतारावरच्या झाडाला वरच्या बाजूने मापा. त्या उंचीच्या खालीच फांद्या फुटल्या असतील तर प्रत्येक खोड वेगळं मापून एकाच नंबराखाली लिहा. गाठ असेल तर गाठीच्या लगेच वर. बोरी-हिवराची बुडापासून फुटलेली झुडपं सोडू नका. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमातल्या ‘झाड’ या व्याख्येत जमिनीलगत फांद्या फुटणारी झुडपं आणि रोपंही येतात. मोबाइलचं स्थान दाट फांद्यांखाली पाच-दहा मीटर चुकतं, म्हणून प्रत्येक झाडाचे दोन फोटो हवेत: एक पूर्ण झाडाचा, एक टेप गुंडाळलेल्या खोडाचा, आकडा वाचता येईल असा.

वयाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुनं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. लिंबाचं वय ५२ लिहिलं तर ५२ रोपं, २० लिहिलं तर २०. वय घेरावरून काढतात आणि गोची इथंच होते. बागेतल्या पाण्यावरचा लिंब आणि मुरमावर, पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर वाढलेला लिंब सारख्या वयाचे असले तरी घेरात बराच फरक पडतो. आपल्या झाडांचं वय कागदावर नेहमी कमीच लागतं. त्यावर उतारा म्हणजे जुने फोटो, जुनी उपग्रह चित्रं (गुगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची दिसतात) आणि जुन्या मोजणी नकाशावरच्या खुणा.

प्रश्न : बिल्डर म्हणतो, मोठी झाडं मुळासकट काढून दुसरीकडे लावू. हे होतं का?
– अक्कलकोट रोड

उत्तर : वड, पिंपळ, उंबर यांचं बऱ्यापैकी होतं. बाभूळ आणि हिवराचं सोटमूळ खोल जातं. मोठं झाड सहसा जगत नाही. लिंब मधला, काळजी घेतली तर.

हिशेब असा. मुळांच्या गोळ्याचा व्यास खोडाच्या व्यासाच्या साधारण १० पट धरतात. खोड २० सेंटिमीटर म्हणजे गोळा २ मीटर, खोली ८० सेंटिमीटर धरली तर अडीच घनमीटर माती, म्हणजे सुमारे ४ टन. त्याला क्रेनच लागते. भोवतीचा चर एकदम न मारता टप्प्याटप्प्याने, काही आठवडे आधीपासून खणावा लागतो, म्हणजे आत नवी तंतुमुळं फुटतात. आपल्याकडे फूट-दीड फुटाखाली मुरूम लागतो, गोळा धरत नाही, उचलतानाच ढासळतो आणि मुळं उघडी पडतात. एप्रिल-मेमध्ये कुणी हे करायला निघालं तर ती झाडतोडच समजा. परवानगीत कोणती झाडं, कुठल्या गटात, कोणत्या महिन्यात आणि पाणी कोण घालणार, हे नमूद करून घ्या. नव्या रोपांनाही अट आहे: ६ ते ८ फूट उंची, जिओ टॅगिंग आणि ७ वर्षांची निगा.

प्रश्न : रात्री जेसीबी आला तर?
– बाळे

उत्तर : ११२ ला फोन, वाहनाच्या नंबरासह व्हिडिओ आणि सकाळी वृक्ष अधिकाऱ्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी. मशिनसमोर आडवं पडू नका. गुन्हा तुमच्यावर नोंदला जातो आणि मूळ विषय बाजूला पडतो. जमिनीत राहिलेले बुंधे पंचनाम्याआधी उपटू देऊ नका, झाड होतं याचा तोच पुरावा. बुंध्याची साल गोल काढणं, बुडाशी पेटवणं हेही कायद्याने ‘झाड तोडणं’च आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने तोडायची परवानगी दिली तरी १५ दिवस कुऱ्हाड लावता येत नाही. परवानगीला आव्हान द्यायचं ते याच दिवसांत.

प्रश्न : राष्ट्रीय हरित लवादात जाता येईल?

उत्तर : पर्यावरण मंजुरी (२०,००० चौ.मी. व त्यापुढचं बांधकाम) किंवा वन कायद्याचा मुद्दा असेल तर पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठात. मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत. कारण पटलं तर आणखी ६० दिवस. भरपाई मागितली नाही तर शुल्क १,००० रुपये. पण नुसते प्लॉट पाडून विकले की प्रत्येकाचं बांधकाम वेगळं होतं आणि तो आकडा भरतच नाही. लवादाच्या अनुसूचीतल्या सात कायद्यांत राज्याचा झाडांचा कायदा नाही. त्या परवानगीविरुद्ध उच्च न्यायालय. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

प्रश्न : जागा खरंच मालकाची आहे आणि झोनही रहिवासी आहे. मग सगळं संपलं?
– विजापूर रोड, पहिल्याच झाडीबद्दल

उत्तर : बांधूच नका, ही मागणी तिथं टिकणार नाही. नकाशा मात्र बदलता येतो. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते. साडेचार एकरांत ती सुमारे १,८०० चौ.मी. होते. विकसक ती सहसा कोपऱ्यातल्या, विकायला अडचणीच्या तुकड्यात दाखवतो. तुमच्या यादीत झाडं सर्वांत दाट असलेला पट्टा दाखवा, खुली जागा तिथं घ्या आणि रस्ते जुन्या लिंबांना वळसा घालून आखा, अशी लेखी मागणी नगररचना विभागाकडे करा. तात्पुरती मंजुरी मिळायच्या आत. एकदा रस्त्यांवर खडी पडली की नकाशा कुणी हलवत नाही.