लोकांना बोलतं करणाऱ्या भिंतींनी काही होतं का? कोल्हापूरच्या एका बोर्ड पेंटरचं उत्तर

प्रश्न असा आहे: "नदी, हवा, कचरा यांवर लोकांना स्वतः लिहिता-रंगवता येईल अशा भिंती आणि मांडण्या हल्ली शहरांत दिसतात. त्यानं खरंच काही फरक पडतो, की लोक फोटो काढून निघून जातात? आमच्या नदीकाठच्या गावात असं काही करावं म्हणतोय. सुरुवात कुठून करू?"

फरक पडतो. स्वतः केलंय म्हणून ठासून सांगतो. "असल्या रंगरंगोटीनं काय होणार" हे वाक्य मला परक्यांकडून कमी आणि माझ्या दाजींकडून जास्त ऐकावं लागलंय, त्यामुळं उत्तर लांबणार.

मी कोल्हापूरचा, धंद्यानं बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, तालमीतला मारुती, निवडणुकीच्या भिंती, सगळं रंगवलंय. फ्लेक्स आल्यावर काम कमी झालं, तरी ब्रश अजून हातात आहे.

२०१९च्या ऑगस्टमधला आमच्याकडचा पूर तुम्ही टीव्हीवर बघितला असेल. पंचगंगेची पातळी आमच्याकडं राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावर पहिला विषय "बंधाऱ्यावर किती?" आणि दुसरा "राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले?" त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला आणि गावाकडं येणाऱ्या गाड्या तिकडंच अडकल्या. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती तोंडावर आलेले असताना मूर्ती पाण्यात गेल्या.

पाणी ओसरलं की भिंतीवर चिखलाची एक रेघ राहते. घरोघर पहिलं काम असतं ती रेघ धुऊन काढायचं. ते साहजिकच आहे, रोज उठून कोण बघत बसणार तिच्याकडं. दसऱ्यापर्यंत चुना लागतो, दिवाळीत डिस्टेंपर. पुढच्या वर्षी त्याच खोलीत नवीन भाडेकरू येतो आणि पाणी कुठवर चढतं हे त्याला कुणी सांगत नाही. मला ते बघवेना. ठरवलं, ही रेघ पुसू द्यायची नाही, रंगवायची. आणि रंगवायची त्यानं, ज्याच्या घरात पाणी शिरलं.

गवंडी लेव्हल काढायला पाणी भरलेला पारदर्शक पाइप वापरतात, तो एका गवंडी मित्राकडनं आणला. ज्या घरात चिखलाची खूण अजून शाबूत होती तिथं एक टोक धरायचं, दुसरं शेजारच्या भिंतीला. आतलं पाणी दोन्हीकडं स्थिर झालं की खडूनं टिंब. टिंबाला टिंब जोडून नीळ लावलेली दोरी मारायची, की सरळ रेषा उमटते. मग डबा आणि ब्रश घरच्यांच्या हातात. रेषा दोन बोटं रुंद, निळ्या ऑइल पेंटची. शेजारी वर्ष, आणि वर्षाखाली त्या घरानं आपल्याला वाटेल ते एक वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहायचं. मी कुणाचंही अक्षर सुधारणार नाही हे आधीच सांगून ठेवलं होतं.

एका घरी ऐंशीच्या पुढच्या एक आजी होत्या. मी खुणेवर टिंब दिलं तर म्हणाल्या, "हितं न्हाई, त्या खिळ्याला. क्यालेंडरची खालची पट्टी भिजल्याली." पाइप परत लावला, आजींचं बरोबर निघालं. मग त्या स्वतःहून बोलायला लागल्या. १९८९ला पाणी बाहेरच्या पायरीवर थांबलं होतं. २००५ला आतल्या कोनाड्यापर्यंत आलं. आणि २०१९ला खिळ्यापर्यंत. नातवाला सांगून त्यांनी तिन्ही जागी रेषा मारून घेतल्या. एकाच घरात पायरी, कोनाडा आणि खिळा. पूर वाढत चाललाय हे यापेक्षा स्पष्ट मला कुठल्या तक्त्यात दिसलेलं नाही. त्यांचं वाक्य नातवानं लिहिलं: "म्हशी सोडून दिल्या. दोन परत आल्या."

दुसऱ्या एका दारावर लिहिलं गेलं, "दप्तर, रेशनकार्ड, बाबांचा फोटो." कुंभाराच्या घरी, "गणपती माळ्यावर चढवले, माती गेली." आणि एकानं लिहिलं, "आमच्यात मोरीतनं आलं, नदीतनं न्हाई."

खरी चर्चा या शेवटच्या वाक्यानं सुरू झाली. शेजारी म्हणाला, आमच्यातपण मोरीतनंच. पलीकडची बाई म्हणाली, आधी संडासातनं वर आलं, दारातनं नंतर. रंग वाळेपर्यंत दहा-बारा माणसं रस्त्यात उभी राहून भांडत होती. कुणी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव घेत होतं, कुणी राधानगरीचं. पण घरोघरची वाक्यं एकत्र वाचल्यावर कळलं की आमच्या बाजूला पाणी आधी मागच्या अंगानं येतं. जयंती नाला अर्ध्या गावाचं पाणी घेऊन पंचगंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि तेच पाणी उलटं फिरून वस्तीत शिरतं. अभियंत्यांना हे ठाऊक असतंच. गल्लीला प्रत्येकाला आपापल्या घरापुरतं ठाऊक होतं, आणि ते पहिल्यांदा एका ओळीत वाचायला मिळालं. मग कुठं भराव पडलाय, कुणी भिंत आत घेतलीय, कुठला पाइप बुजलाय, याची यादी तिथंच रस्त्यावर तयार झाली.

आम्ही सगळी वाक्यं, घर आणि रेषेची उंची एका वहीत उतरवून काढली. झेरॉक्स काढून संबंधित कार्यालयात दिली, पोच घेतली. लेखी उत्तर आजतागायत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात नालेसफाई चालू असताना गल्लीतली माणसं वही घेऊन काठावर उभी होती आणि "इथला गाळ राहिला" असं बोट दाखवून सांगत होती. पूर्वी कधी असं कोणी उभं राहिलेलं मी बघितलं नव्हतं.

आता दाजी. ते प्लॉट आणि फ्लॅटच्या व्यवहारात आहेत. नाल्याच्या पलीकडं भराव टाकून उभ्या राहिलेल्या एका स्कीममध्ये त्यांची भागी होती. तिथल्या वॉचमननं आमचं काम बघितलं आणि गेटच्या खांबावर मला २०१९ची पातळी दाखवून स्वतःच्या हातानं रेषा मारली. आठवड्याच्या आत खांबाला क्रीम रंग लागला. आणि दाजींचा फोन, "गिऱ्हाईक रेषा बघून परत गेलं. माझ्या पोटावर पाय द्यायला निघालायस काय?"

तेव्हापासून आमचा वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, पूररेषा ठरवायचं काम सरकारचं, पेंटरचं नाही. माझं म्हणणं, सरकारनं ठरवलेलीच आहे की. निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर. पण ती रेषा असते कार्यालयातल्या नकाशावर. फ्लॅट बघायला आलेलं जोडपं नकाशा मागत नाही, ते किचन किती मोठं आहे ते बघतं. तीच रेषा गेटवर असली तर ते विचारणारच, "हे काय आहे?" दाजींना राग आला तो या प्रश्नाचा. असली कला बिनकामाची असती तर कुणी ती एवढ्या घाईनं पुसली नसती, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, आताही सांगतो.

२०२१च्या जुलैत पाणी परत आलं. आमच्या गल्लीत लोकांनी बंधाऱ्यावरचे आकडे ऐकून आणि रेषेकडं बघून सामान हलवलं. फ्रिज माळ्यावर, गॅसची टाकी वरच्या मजल्यावर, मूर्ती वेळेत ओळखीच्यांकडं उंचावर. पाणी जुन्या रेषेच्या थोडं वर गेलं. नुकसान झालंच, पण पेटीतली कागदपत्रं कुणाची भिजली नाहीत. त्या स्कीममध्ये नव्यानं राहायला आलेल्यांच्या गाड्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये बुडाल्या. त्या माणसांचा काय दोष? त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हे मी काही जगावेगळं केलं नाही, हे नंतर कळलं. न्यूयॉर्कमध्ये इव्ह मोशर नावाच्या चित्रकर्तीनं २००७मध्ये मैदानावर फक्की मारायचं यंत्र घेऊन ब्रुकलिन आणि मॅनहॅटनच्या रस्त्यांवरून निळ्या खडूची रेषा ओढली होती. समुद्रसपाटीपासून १० फूट उंचीची, जवळजवळ ७० मैल. मोठ्या वादळात पाणी इथवर येऊ शकतं, एवढंच ती रेषा सांगत होती. येणारे-जाणारे थांबवून विचारायचे, ती सांगायची. तिचं अर्धं काम ते बोलणंच होतं. २०१२च्या ऑक्टोबरमध्ये सँडी वादळ आलं आणि तिनं दाखवलेल्या बऱ्याच भागांत पाणी शिरलं. पुढं मायामी आणि ब्रिस्टलमध्ये तिथल्या रहिवाशांनी आपापल्या रेषा स्वतः ओढल्या. मला हा दुसरा टप्पा जास्त मोलाचा वाटतो.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर खारघर. २०२१च्या जानेवारीत तिथं चौकात पांढऱ्या फुप्फुसांचा मोठा फलक लावला होता. हवा गाळणाऱ्या कापडाची फुप्फुसं, मागं पंखे. दहाएक दिवसांत ती काळी पडली. काम चोखच, बातम्याही झाल्या. पण माझ्या मते त्यात एक गोष्ट राहून जाते. बघणारा बघतो, हळहळतो आणि जातो. त्याच्या घरी कुणाला दमा आहे, रात्री कुठल्या वेळेला वास येतो, हे सांगायला त्याला तिथं जागा नाही. शेजारी एक फळा आणि खडू असता तर त्या चौकात काय काय लिहिलं गेलं असतं!

आणि ते रंगीत अक्षरांतले "आय लव्ह अमुक गाव"वाले सेल्फी पॉइंट कृपा करून यात धरू नका. तिथं गाव काहीच बोलत नाही.

आता तुमच्या गावाचं. "पर्यावरणाबद्दल आपलं मत लिहा" असं विचारलंत तर "झाडे लावा झाडे जगवा" एवढंच मिळेल, आणि तेही शाळेतल्या पोरांच्या अक्षरात. नेमकं विचारा, आणि ज्याचं उत्तर फक्त त्या माणसाकडंच आहे असं विचारा. पाणी कुठवर आलं? विहिरीचं पाणी कधीपासून पिववत नाही? नदीत पोहायला कधी बंद झालात? मासे कुठले मिळायचे? जिथं घडलं तिथंच लिहून घ्या, टाउन हॉलच्या बागेत नको. दुपारी जा, तेव्हा बायका घरी असतात आणि त्यांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत असतं. वेडंवाकडं अक्षर राहू द्या. गटात एखादा फाइन आर्टवाला असतो, त्याला सगळं एका फाँटमध्ये हवं असतं. त्याला प्रेमानं रंग कालवायला बसवा. उद्घाटनाला नेता बोलावू नका, त्याच्या नावाची पाटी लोकांच्या वाक्यांपेक्षा मोठी होते. आणि लिहिलेलं सगळं वहीत उतरवून, पोच घेऊन, ज्याला उत्तर देणं भाग आहे त्याच्या टेबलावर ठेवा. विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा हीच वही कामाला येते. भिंतीवरचं ऊन-पावसानं जातं.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. घरमालकाची परवानगी घेतल्याशिवाय ब्रश लावू नका, भाडेकरूनं हो म्हटलं तरी. सार्वजनिक भिंतीला लेखी परवानगी लागते, १९९५चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे आणि तक्रार करणारा कोणी ना कोणी निघतोच. घाटाचा, देवळाचा जुना दगड असेल तर ऑइल पेंट अजिबात नको. दगडात रंग मुरतो आणि काढताना दगड खराब होतो. तिथं खडू वापरा, दर वर्षी नव्यानं ओढा. अतिक्रमणाबद्दल कुणाचं नाव भिंतीवर लिहू देऊ नका, ते वहीत लिहा, नाहीतर गल्लीतच मारामारी होईल. आणि पूर थांबत नाही यानं. भराव थांबतो का, तेही मी छातीठोक सांगू शकत नाही. आमच्याकडं तरी अजून पडतोय.

दाजी, हे तुमच्यापर्यंत कुणीतरी पोचवेलच. त्या गेटच्या खांबावर २०१९ आणि २०२१ दोन्ही रेषा मारून द्यायला मी आजही तयार आहे. रंग माझा, मजुरी नको. तुमची भागी आता संपली म्हणता, तर आता अडचण कसली?