कोन पडले, नाव पडलं

प्रश्न : ऑटोक्रॉसच्या (प्लास्टिकच्या कोनांनी आखलेल्या वाटेवर, वेळ लावून गाडी पळवायची स्पर्धा) पहिल्याच फेरीत मी तीन कोन उडवले. तेव्हापासून क्लबातले सगळे मला ‘बुलडोझर’ म्हणतात. हसावं की क्लब सोडावा?

उत्तर : अहो, तीनच? कोनामागे 2 सेकंद दंड धरला तर तुमचे 6 गेले, एवढंच. माझ्या बंपरखाली एक कोन अडकला आणि फिनिशपर्यंत खरडत आला. मी अजून ‘नांगर’च आहे. (बायकोलाही कळलंय.) पण पुढच्या फेरीआधी टायरमधली हवा कोणी तपासून दिली? हेल्मेटचा पट्टा कोणी आवळला? हीच टवाळ मंडळी ना? मग खुशाल परतफेड करा. पडलेले कोन उभे करायची तुमची पाळी आली, की त्यांचे कोन मोठ्याने मोजा.