दुधाच्या पिशवीचं पुढे काय होतं?

प्रश्न : मी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून भंगारवाल्याला देते. त्या तो घेतो, पण वेफर्सचे पुडे परत करतो. दोन्ही प्लास्टिकच ना? मुलगा म्हणतो, "आई, शेवटी सगळं जाळतातच, कशाला धूत बसतेस?" त्याचं खरं आहे का?
– एक गृहिणी, कराड

उत्तर : ताई, धुणं अजिबात थांबवू नका. जुन्या प्लास्टिकपासून दाणा करणाऱ्या कारखान्यात मी बरीच वर्षं माल तपासायचं काम केलं. गोणी उघडली की वासावरूनच कळायचं, घरात पिशव्या धुतल्या होत्या की नाही.

दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. दोन्ही हातांनी ओढून बघा, ती ताणली जाते. साधारण ११० अंशांना ती वितळते. कारखान्यात पिशव्यांचे तुकडे करून धुतात, सुकवतात आणि तापलेल्या मशिनमधून दाबून शेवयांसारखे धागे काढतात. पाण्यात गार करून ते बारीक कापले, की झाला दाणा. शाईमुळे त्याला करडा रंग येतो. म्हणून त्यात काळा रंग घालून रोपवाटिकेच्या पिशव्या, शेतातले पाइप, कचऱ्याच्या पिशव्या करतात. दुधाचा ओशटपणा राहिला तर दाण्याला वास येतो, ओल राहिली तर वाफेचे बुडबुडे धरतात आणि त्या जागी पिशवी फाटते. धुतलेल्या मालाला भाव मिळतो तो यासाठीच.

वेफर्सचा पुडा ओढून बघा. तो ताणला जात नाही, टरकन फाटतो. तो बहुधा पॉलिप्रॉपिलिनच्या थरांचा असतो, आत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा. काही पुड्यांत आणखी वेगळ्या प्लास्टिकचे थर असतात. पॉलिप्रॉपिलिन वितळायला १६० अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि वितळल्यावरही ते पॉलिथिनमध्ये नीट मिसळत नाही, माल ठिसूळ होतो. चिकटलेले थर सुटे करणं भंगारवाल्याला कुठून परवडणार?

तरीही ते पुडे अगदीच वाया जात नाहीत. मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी अशा प्लास्टिकचा रस्त्यासाठी उपयोग दाखवला. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे १६० ते १७० अंशांपर्यंत तापवलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकला, की तो वितळून प्रत्येक खड्यावर पातळ थर धरतो. मग डांबर घालतात. खडीत पाणी शिरत नाही, डांबरही घट्ट धरून राहतं. यात पीव्हीसी मात्र चालत नाही, तापल्यावर त्यातून आम्लाचा वायू निघतो.

मुलाचं म्हणणं काही अंशी खरं आहे. मिसळलेलं, घाण प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातं. पण तुमच्या धुतलेल्या पिशव्यांवर ती वेळ येऊ नये. आणि कुठलंही प्लास्टिक घरच्या बंबात घालू नका. बंबाची आच भट्टीइतकी नसते, त्यामुळे ते अर्धवट जळतं आणि विषारी धूर आपल्याच अंगणात राहतो.

एक विनंती आहे, पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका. चीर द्या, तुकडा लटकू द्या. सुटा तुकडा कुणी वेचत नाही, तो गटारात जातो. पिशवीत थोडं पाणी घालून हलवा, ते चहाच्या आधणात ओता, मग पिशवी कापून उलटी वाळत घाला. दह्याच्या पिशव्याही याच गठ्ठ्यात चालतील. तेलाच्या वेगळ्या बांधा, कारण ओशटपणा सहज निघत नाही आणि काहींत नायलॉनचा थर असतो.