भिरंडाचा पैसा ब्रँडिंगला लावावा का?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एक वाचक भगिनी भिरंडांचं म्हणजे कोकमाचं आगळ (खारवलेला रस) आणि सोलं (वाळवलेल्या साली) करून विकतात. वर्षाची विक्री ११ लाख, हाती उरतात २ लाख ६० हजार, बँकेत ३ लाखांची मुदत ठेव. एका जाहिरात एजन्सीने ‘तुमचा चेहरा हाच ब्रँड’ म्हणत सहा महिन्यांचे १ लाख ८० हजार सांगितले आहेत. त्यात लोगो, लेबल आणि महिन्याला बारा रील. त्यासाठी ठेव मोडावी की दागिन्यांवर कर्ज काढावं, असं त्या विचारतात.

ताई, ठेव मोडू नका आणि दागिनेही कपाटातच राहू द्या. तुमचं नाव आणि चेहरा पुढे यायला माझी हरकत नाही. पण ते काम चाळीस हजारांत, महिन्याच्या कमाईतून होण्यासारखं आहे.

आधी एजन्सीचा आकडा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की होतात २ लाख १२ हजार ४००. तुमची जीएसटी नोंदणी नाही, म्हणून भरलेल्या जीएसटीतला एक रुपयाही क्रेडिट म्हणून, म्हणजे वळता होऊन, मिळणार नाही. ‘खर्च करातून वजा होतो’ असं त्यांनी तुम्हाला सांगितलंय. दुसरं उत्पन्न नसेल तर २ लाख ६० हजारांवर तुम्हाला आयकरच लागत नाही, मग वजा कशातून होणार? तुमच्याच हिशेबाने अर्ध्या लिटरची आगळाची बाटली १६० ला जाते आणि तिला खर्च येतो १००. थेट गिऱ्हाइकाकडून ६० सुटतात, म्हणजे एजन्सीचे पैसे भरून निघायला ३,५४० बाटल्या जास्त खपायला हव्यात. दुकानदाराला १२० ने देता तिथे २० च सुटतात. तो हिशेब १०,६२० बाटल्यांवर जातो. आज वर्षाला खपतात साडेचार हजार.

आणि या जास्तीच्या बाटल्या आणायच्या कुठून? भिरंडं एप्रिल-मेमध्ये पिकतात, पाऊस लागला की खेळ संपला. फळ रोखीने घ्यायचं, फोडणाऱ्या बायकांची मजुरी त्याच आठवड्यात चुकती करायची. सोलं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, त्यात एक अवकाळी सर आली तरी बुरशी धरते. गणेश चवथीला रील गाजला आणि पिंपात आगळ नसेल, तर पुढच्या मेपर्यंत ‘संपलं’ म्हणत बसावं लागेल. तुमची ३ लाखांची ठेव ही खरं तर मे महिन्याची तरतूद आहे. मुदतीआधी मोडली तर बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. मोसमात पैसा कमी पडला तर त्याच ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव न मोडता ती तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचला. दर ठेवीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो आणि व्याज वापराल तेवढ्याच रकमेवर लागतं.

आता चाळीस हजारांचं. पहिले ९,००० नावासाठी. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीच्या नावाने केला तर एका वर्गाला (मालाच्या एका प्रकाराला) ४,५०० रुपये पडतात. सुकवलेली फळं २९व्या वर्गात येतात, पेयासाठीचे अर्क-सरबतं ३२व्या. ‘गोवा आगळ’ असं नुसतं वर्णन करणारं नाव सहसा नाकारलं जातं, म्हणून वेगळं नाव शोधा आणि आधी ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर तपासा. तो शोध फुकट आहे. नोंदणी होईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लावा. गोलातला ‘आर’ आधीच छापणं गुन्हा आहे.

लोगो आणि लेबल डिझायनरकडून एकरकमी करून घ्या, अंदाजे १५,०००. लोगोचे सर्व हक्क तुमच्याकडे आले, असं त्याच्याकडून लेखी घ्या, नाहीतर उद्या तो हक्क सांगू शकतो. इन्स्टाग्रामचं खातं तुमच्याच मोबाइल नंबरवर उघडा. पहिली लेबलं ५०० च छापा (५,०००): एमआरपी, वजन-माप, पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा नंबर, एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक, हिरवा ठिपका यातलं काही राहिलं तर दहा हजार लेबलं रद्दीत जातात. ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’ या शब्दांनाही खाद्यपदार्थांच्या जाहिरातींच्या २०१८ च्या नियमांत अटी आहेत. ‘पित्त जातं, वजन उतरतं’ हे तर लिहूच नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो एजन्सी भरणार नाही.

उरलेल्यात फोटोग्राफरचा अर्धा दिवस ६,०००, आणि मोबाइलचा माइक व ट्रायपॉड ५,०००. चित्रण मेमध्येच उरका: फळ फोडताना लाल झालेली बोटं, मिठाचं माप, उन्हातली सुपं. महिन्याला बारा रील म्हणजे दर अडीच दिवसांनी एक. मोसमाबाहेर तुमच्या धंद्यात एवढं काही घडत नाही, मग माणूस नाचायला लागतो.

पुणे-मुंबईहून मागणी येईल तेव्हा घाई नको. राज्याबाहेर माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी आधी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. एजन्सीच्या प्रस्तावात याचा उल्लेख नाही.

गोव्यातल्या गिऱ्हाइकांचे नंबर मात्र आजपासून वहीत लिहा, आणि ‘कुठून कळलं?’ हेही. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना निरोप पाठवा: बाटलीमागे ८० रुपये आगाऊ, बाकी माल घेताना. दोनशे जणांनी तीन-तीन बाटल्या सांगितल्या तर ४८,००० फळ घेण्याआधीच हातात येतात आणि ओव्हरड्राफ्ट तेवढा कमी लागतो. पावतीवर माल देण्याची तारीख जूनअखेरची टाका, आणि फळ कमी आलं तर पैसे परत देणार हेही त्यावरच लिहा.