मुलगा जॉर्जियात एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहे. तिथला साधा ट्रॅफिक पोलीससुद्धा आता इमिग्रेशनच्या ताब्यात देतो, हे खरं आहे का?

तुम्ही दोघं उन्हाळ्यात मुलाकडे, जॉर्जियातल्या कमिंग गावी जाणार आहात आणि व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ पाहून धास्तावला आहात, असं तुम्ही लिहिलंय. आधी थेट उत्तर देते. कागदपत्रं चालू असतील आणि प्रकरण दंडाच्या पावतीवर मिटलं, तर सहसा काही होत नाही. पण अटक होऊन तुरुंगात बोटांचे ठसे घेतले गेले, की गोष्ट स्थानिक पोलिसाच्या हातात राहत नाही.

आपल्याकडे पोलीस म्हणजे राज्याचं गृहखातं. अमेरिकेत सुमारे १८ हजार वेगवेगळी पोलीस दलं आहेत. शहराचे पोलीस वेगळे, काउंटीचा (म्हणजे जिल्ह्यासारख्या भागाचा) पोलीसप्रमुख, शेरिफ, वेगळा. शेरिफ निवडून येतो आणि बहुतेक ठिकाणी काउंटीचा तुरुंग त्याच्याच ताब्यात असतो. इमिग्रेशन मात्र केंद्राचं काम. केंद्राला आपला कायदा राबवायला राज्यांच्या पोलिसांना जुंपता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये सांगितलंय. खटला बंदुकांच्या कायद्याचा होता, पण तत्त्व इथेही लागू पडतं. मात्र पोलीस आपणहून तयार झाले तर १९९६ च्या कायद्यातलं २८७(जी) कलम आहे. त्याखाली करार होतो, आइस, म्हणजे केंद्राची इमिग्रेशन कायदा राबवणारी यंत्रणा, त्या पोलिसांना प्रशिक्षण देते, आणि मग ते इमिग्रेशनची काही कामं करू शकतात. बरेच करार तुरुंगापुरते असतात. रस्त्यावर चौकशी करू देणारा ‘टास्क फोर्स’ प्रकार २०१२ मध्ये बंद झाला होता. २०२५ मध्ये तो पुन्हा सुरू झाला आणि त्याच वर्षी देशभरातल्या करारांची संख्या हजारावर गेली.

याची मला मनापासून काळजी वाटते. ॲरिझोनात मॅरिकोपा काउंटीचा शेरिफ जो अर्पायो याची माणसं लॅटिनो दिसणाऱ्यांच्या गाड्या हेरून अडवायची. २०१३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी ते घटनाबाह्य ठरवलं. आपली कातडीही सावळीच आहे.

जॉर्जियात कॉब काउंटीने २००७ मध्ये आणि ग्विनेटने २००९ मध्ये असे करार केले. २०२० च्या निवडणुकीत दोन्हीकडे नवे शेरिफ आले आणि २०२१ च्या जानेवारीत त्यांनी ते मोडले. मी तेव्हा ग्विनेटमध्येच राहत होते, लोकांनी सुटकेचा श्वास सोडलेला मी पाहिलाय. पण २०२४ मध्ये राज्याने एचबी ११०५ हा कायदा केला आणि शेरिफच्या मर्जीचा प्रश्नच संपला. तुरुंगात आलेला माणूस परदेशी असेल तर त्याची माहिती आइसकडे पडताळणं आता बंधनकारक आहे, जाणूनबुजून टाळलं तर तो गुन्हा. न्यू जर्सीत २०१८ पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलचे (सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याचे) आदेश बरोबर उलटे आहेत. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्या भाच्याने दिलेला सल्ला कमिंगला चालत नाही.

शिवाय करार असो वा नसो, तुरुंगात घेतलेले ठसे एफबीआयकडे आणि तिथून होमलँड सिक्युरिटीकडे (आइस ज्याच्या हाताखाली आहे त्या खात्याकडे) जातात. तिथे काही खटकलं तर आइस ‘डिटेनर’ पाठवते, म्हणजे सुटकेच्या वेळेनंतर आणखी ४८ तासांपर्यंत माणूस धरून ठेवा. जामीन भरला तरी घरच्यांना बाहेर ताटकळत बसावं लागतं.

आता मुलाला एक गोष्ट नक्की विचारा: लायसन्स कधी संपतंय? एच-वन-बीवाल्यांचं लायसन्स व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं असतं. एक्स्टेन्शनचा अर्ज वेळेत केला तर राहण्याचा आणि कामाचा हक्क चालू राहतो, पण हातातल्या लायसन्सवरची तारीख उलटून जाते. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच अडकला. मागचा दिवा बंद म्हणून गाडी थांबवली, लायसन्स संपलेलं निघालं, आणि ऑफिसला निघालेला पोरगा बेड्या घालून काउंटीच्या तुरुंगात. एक्स्टेन्शनचा अर्ज पोचल्याची रिसीट नोटीस घरी फाइलमध्ये होती. बायको ती घेऊन रात्रभर तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, सकाळी तो सुटला. स्टेटस नीट होतं म्हणून निभावलं. त्या नोटिशीची प्रत गाडीत ठेवायला सांगा आणि मुदत संपायच्या आधी लायसन्सच्या कार्यालयात जायला सांगा. दारू पिऊन तर एक मैलही गाडी नको. त्या नुसत्या अटकेवरून, गुन्हा शाबित व्हायच्या आधी, परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. मग भारतात आल्यावर नवा व्हिसा मिळाल्याशिवाय परत जाता येत नाही.

तुमच्या दोघांसाठी: पासपोर्टवरचा दहा वर्षांचा व्हिसा म्हणजे दहा वर्षं राहायची परवानगी नव्हे. किती दिवस राहायचं ते आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या सरकारी नोंदीवरची तारीख ठरवते. उतरल्यावर ती ऑनलाइन काढून छापा आणि फिरायला जातानाही जवळ ठेवा, अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाला नोंदणीचा कागद बाळगणं कायद्याने सक्तीचं आहे. पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरू नका, हात दिसतील असे ठेवा. जन्म कुठला, कसे आलात, याचं उत्तर न देण्याचा हक्क आहे, पण खोटं कधीच बोलू नका.

आणि सुनेशी बोला. मी इथे अडचणीतल्या बायकांचे फोन घेते. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेल्या मुलीला नवरा मारतो आणि वर म्हणतो, ‘पोलिसांना बोलावलंस तर तुलाच डिपोर्ट करतील.’ ही धमकी खोटी आहे. तिचे कागद चालू असतील तर ९११ ला फोन केल्याने तिचं स्टेटस जात नाही. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी २००० सालापासून यू-व्हिसा आहे. पण त्याला तपास यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं, बहुतेक वेळा पोलिसांचंच. त्याच पोलिसांच्या गणवेशात आता तिला आइस दिसते. मार खाऊनही गप्प बसलेल्या मुलींशी मी बोललेय, म्हणून मला हे करार चुकीचे वाटतात.

कुणाला अटक झालीच तर भारतीय वकिलातीला कळवा, असं सांगण्याचा हक्क व्हिएन्ना कराराने दिलेला आहे. जॉर्जियासाठी वकिलात अटलांटात आहे. तिचा, मुलाचा आणि इमिग्रेशन वकिलाचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. तुरुंगात फोन आधी काढून घेतात.